बंदरात न घ्यायचं नाव

हॅडक माशाचं कालवण दोनदा गरम करून झालं, ओटच्या भाकऱ्या कापडाखाली वातड व्हायला लागल्या, तरी पुरुष मंडळींचा घराबाहेर पाय निघेना.

काम खरं म्हणजे घटकाभराचं होतं. मुलीच्या बापानं, नवऱ्या मुलानं आणि एका साक्षीदारानं चढ चढून चर्चच्या कारकुनाकडे जायचं, दोघांची नावं द्यायची, कारकुनाच्या बायकोनं पुढे केलेली व्हिस्की नको नको म्हणत प्यायची आणि परत येऊन जेवायला बसायचं. दुसऱ्या दिवशी रविवारी पाद्री ती नावं सगळ्या गावासमोर वाचणार. पोर्टलिंथीत लग्नं अशीच जाहीर होत आली होती. मार्जोरीचंही तसंच व्हायचं, पण नवऱ्या मुलाच्या आडनावाशी येऊन घोडं अडलं होतं.

"ते नाव मी कारकुनापुढे उच्चारणार नाही," मुलीचा बाप गिल्बर्ट म्हणाला. तो खिडकीशी बसला होता. पायात बूट चढवलेले, कोट मांडीवर. तासाभरापूर्वीही तो असाच निघायच्या तयारीत बसला होता.

"तुम्ही नका उच्चारू, मी सांगतो," ॲडम म्हणाला. "तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

"शेजारी उभा राहिलो म्हणजे मीच म्हटल्यासारखं."

ॲडम दाराजवळच्या बाकावर बसला होता. त्याला आत ये, चुलीजवळ बस, असं कुणी म्हटलं नव्हतं आणि तोही उठून आला नव्हता. तो पश्चिमेकडच्या क्रेगहेवनचा, चांगला उंचापुरा आणि हाडापेरानं मजबूत. बारा गावचं पाणी प्यालेला, अमेरिकेपर्यंत मासेमारी करून आलेला. या घरात त्याच्यात खोट काढण्यासारखं काही कुणाला सापडलं नव्हतं. फक्त त्याचं आडनाव व्हाइट होतं, आणि पोर्टलिंथीच्या बंदरात ते नाव घेत नसत.

घेत नसत म्हणजे अजिबात घेत नसत. बोटीकडे जाताना त्या नावाचा माणूस आडवा आला तर मागे फिरायचं आणि त्या दिवसाची मासेमारी सोडून द्यायची. त्या नावाच्या हातानं गळाला आमिष लावलं तर दोराला शेवाळ येणार, किंवा त्याहून वाईट काही. चुकून कुणाच्या तोंडून गेलंच तर जे हाताशी लोखंड असेल त्याला शिवायचं. का, हे कुणी सांगू शकत नसे. गंमत अशी, की दोन तासांच्या वाटेवरच्या क्रेगहेवनात याच नावाची घरंच्या घरं होती आणि त्यांना भरपूर मासे मिळत. तिथले लोक रॉस म्हटलं की दचकायचे. आणि इकडे पोर्टलिंथीत रॉस मंडळी चर्चच्या पहिल्या बाकावर बसायची.

"दादा, जरा माझं ऐक," कॉस्मो म्हणाला. तो गिल्बर्टचा धाकटा भाऊ, बोटीत अर्ध्याचा भागीदार, आणि आज साक्षीदार म्हणून धुतलेला शर्ट घालून आलेला. "आपल्याला एक माणूस हवाच आहे. तीन वर्षं चौघांत ओढतोय आपण बोट. पोरगा सुकाणूला चांगला आहे, मी पाहिलंय. देवानं पाठवलाय म्हण आणि घे."

"देवानं पाठवायचाच होता तर जरा नाव बघून पाठवायचा," बार्बरा म्हणाली.

बार्बरा या दोघांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून शेजारच्याच घरात राहायची, पण जागेपणी बहुतेक याच घरात असायची. हातातला मोजा विणता विणता ती बोलत होती आणि ॲडमकडे तिनं अजून एकदाही पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी तो 'तो पश्चिमेकडचा' होता.

"आत्या, तो इथेच बसलाय," मार्जोरी म्हणाली.

"बसू दे की. मी उठ म्हटलं का?" बार्बरानं सुई बदलली. "कॉस्मो, तुझी बाकीची माणसं काय म्हणतात ते विचारलंस का? शेवीचे दोघे भाऊ काल विहिरीवर भेटले. म्हणाले, सोमवारी तो बोटीत असेल तर आम्ही धक्क्यावर. म्हणजे एक माणूस मिळणार आणि दोन जाणार. हा हिशेब तुझा तू कर."

कॉस्मोचं तोंड उतरलं. "दोघेही म्हणाले?"

"दोघेही. आणि थोरल्याची बायको तिसऱ्यांदा पोटुशी आहे, ती तर जाऊच देणार नाही त्याला."

"तसं असेल तर मग..." कॉस्मोनं गिल्बर्टकडे पाहिलं, मग ॲडमकडे, मग स्वतःच्या टोपीकडे. "तसं असेल तर विचार करायला हवा, दादा."

मार्जोरीच्या आईला, एल्स्पेटला, हसू आलं असतं, एरवी. कॉस्मोचं मत म्हणजे भरती-ओहोटी, त्यासाठी चंद्र लागत नसे, बार्बरा पुरायची. पण आज एल्स्पेट हसली नाही. ती चुलीपाशी उभी राहून उगाच पळी फिरवत होती आणि मार्जोरीचा चेहरा वाचत होती. मार्जोरी शांत होती. ही मुलगी आदळआपट करत असली की काळजी नसायची, गप्प झाली की मनात काहीतरी पक्कं झालेलं असायचं.

शेवटी गिल्बर्टच बोलला. "हे बघ, पोरा. मी तुला नाही म्हणत नाही. माझी दोन्ही मुलं समुद्रानं नेली, बोट कुणाच्या हातात द्यायची ते मला ठाऊक नाही. तू आलास तर मला हवाच आहेस. पण स्मिथ म्हणून ये. उद्या चर्चमध्ये ॲडम स्मिथ म्हणून वाचू दे. कुणाला त्रास नाही, शेवीचे भाऊही येतील. तू तुझ्या आईकडे गेलास की हवं ते म्हणवून घे."

खोलीत सगळ्यांना एकदम श्वास घ्यायला जागा झाली. बार्बरानंही मोजा मांडीवर ठेवला. "त्याला मात्र माझी ना नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा ॲडमकडे पाहिलं.

तसं पाहिलं तर गिल्बर्टनं काही जगावेगळं मागितलं नव्हतं. पोर्टलिंथीत दगड मारला तरी स्मिथला लागायचा. पत्र आलं की पोस्टमन धक्क्यावर उभा राहून विचारायचा, कुठला स्मिथ. म्हणून प्रत्येक घराण्याला दुसरं एक नाव होतं. गिल्बर्टचे बोसी, शेजारचे शेवी, टेकडीखालचे किंग. माणूस बोटीत, दुकानात आणि थडग्यावर त्या नावानं ओळखला जायचा, स्मिथ नुसतं वर लटकत राहायचं. स्मिथ म्हणजे लोहार, आणि या सगळ्या स्मिथांत घणाला हात लावलेला एक नव्हता. गावातल्या लोहाराचं आडनाव डफ होतं.

जुने मास्तर सांगायचे, की देशातल्या गावागावात एकेक लोहार होता. कोष्टी दहा असतील, शेतकरी शंभर, पण लोहार एकच, म्हणून त्याला त्याच्या कामानं हाक मारली की पुरे. त्या हाकेची आडनावं झाली. जितकी गावं तितकी स्मिथांची घराणी, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. पुढे डोंगरातल्या एका टोळीचं नाव राजानं बंद केलं, ते घेणाऱ्याला फाशी. ती माणसं खाली आली ती कोण काय, कोण काय होऊन आली, त्यात पुष्कळ स्मिथ. मग पळून आलेले शिपाई, बायको टाकून आलेले, कर्ज बुडवून आलेले. मास्तर म्हणायचे, आपल्या गावात कोण कशानं स्मिथ झाला ते विचारू नये, निम्म्यांना झोप लागणार नाही.

"मला त्या नावाचा तिटकारा नाही," ॲडम म्हणाला. "बॉस्टनला आमच्या बोटीवर चार स्मिथ होते. एक जर्मन, तो सकाळी धक्क्यावर उतरला तेव्हा श्मिट होता, संध्याकाळी स्मिथ झाला. एक आयरिश, त्याच्या मागे पोलीस होते. एक काळा, त्याच्या बापाला मळ्याच्या मालकाचं नाव चिकटलं होतं. चौथा कुठला ते आम्हाला कधी कळलं नाही. माणसं चौघंही चांगली."

"मग पाचवा हो," गिल्बर्ट म्हणाला. "काय बिघडतं?"

मार्जोरी उठून ॲडमजवळ गेली आणि बाकाच्या कडेला टेकली. "नुसतं नावच तर आहे," ती हळू म्हणाली. "माझं कुठे काही बदलतंय? लग्न झालं तरी इथे बाईला माहेरच्या नावानंच ओळखतात, मला मार्जोरी स्मिथच म्हणणार, आईला म्हणतात तसं. तूही झालास तर दोघं एका नावाचे होऊ. माझ्यासाठी, ॲडम."

"तुझ्यासाठी बोट सोडीन," ॲडम म्हणाला. "गाव सोडीन. हे नको मागूस."

"का पण?"

"बाप आणि दोन भाऊ एकाच दिवशी गेले माझे. तुझ्या भावांसारखेच. एकाचंही प्रेत आलं नाही, म्हणजे थडगं नाही, दगड नाही. आई रविवारी चर्चमध्ये बसते तेव्हा मागून कुणीतरी मला हाक मारतं, व्हाइट, जरा सरक..." बार्बराचा हात चुलीच्या चिमट्याकडे गेला. कॉस्मोनं बुटाच्या खिळ्याला बोट लावलं. ॲडम थांबला नाही. "...तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी पाहिलंय. तिला वाटतं, अजून आपल्या घरातलं कुणीतरी या गावात आहे. ते नाव मी इथल्या चर्चमध्ये टाकून दिलं आणि सणाला तिच्याकडे गेलो, तर मी कुणाचा मुलगा म्हणून जाऊ?"

मार्जोरी उभी राहिली आणि तिचा आवाज बदललेला एल्स्पेटला ऐकू आला.

"बाबा, मग आम्ही जातो."

"कुठे?"

"बॉस्टनला. त्याच्या जुन्या बोटीवर जागा आहे, त्यांनी बोलावलंय. पुढच्या महिन्यात ग्लासगोहून जहाज सुटतं. त्यानं मला विचारलं होतं, मीच नाही म्हटलं होतं. म्हटलं, आईबाबांना आता मीच आहे."

"मार्जोरी," गिल्बर्ट म्हणाला.

"मी काही धमकी देत नाही, बाबा. त्याला इथे ठेवायचं तर त्याला कापून ठेवावं लागेल. असा नवरा मला नको."

"आणि पोरं झाली म्हणजे?" बार्बरा म्हणाली. "इथे राहिलात तर ती पोरं धक्क्यावर पाय ठेवू शकणार नाहीत. कोण घेणार त्यांना बोटीत? त्यापेक्षा गेलेलं बरं. गिल्बर्ट, जाऊ दे तिला. रडू थोडे दिवस. मेलेल्यांपेक्षा गेलेली बरी."

ही बाई असं बोलायची ते दुष्टपणानं नव्हे. आर्ची आणि विल हे तिचे भाचे बुडाले तेव्हापासून बार्बरा कारण शोधत होती. आधी म्हणाली, त्या सकाळी पाद्री धक्क्यावर आला होता. मग म्हणाली, लाल केसांची एक बाई आडवी गेली. कारण सापडलं की पुढच्या वेळी टाळता येईल, एवढाच तिचा विचार. दोन्ही पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती, तिला स्वतःचं मूल नव्हतं. एल्स्पेटला हे सगळं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तीन वर्षं ती बार्बराला घाबरून होती.

कारण एल्स्पेटचा बाप स्मिथ नव्हता.

गावात त्याला पाहुणा स्मिथ म्हणत. बाहेरून आलेला, म्हणून पाहुणा. चाळीस वर्षं इथे राहिला, इथल्या बाईशी लग्न केलं, इथल्या चर्चचं छप्पर शाकारलं, तरी मरेपर्यंत पाहुणाच. एल्स्पेटच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं तिला बोटींच्या मागे नेऊन सांगितलं. अठरा वर्षांचा असताना तो काम मागत या किनाऱ्यावर आला. पहिल्या बंदरात त्यानं खरं नाव सांगितलं, तर त्याला दगड मारून हाकललं. दोन दिवस उपाशी काढले. इथे पोचला तेव्हा धक्क्यावर जो तो दुसऱ्या स्मिथला हाका मारत होता. तांडेलानं नाव विचारलं आणि पाहुण्यानं तेच सांगून टाकलं. एक स्मिथ वाढला तर कुणाच्या डोळ्यावर येणार. "तुझ्या आईलाही मी सांगितलं नाही," तो म्हणाला होता. "तुला सांगतोय, कारण माझ्यामागे कुणालातरी माहीत असावं. गळ लावताना मनात आणू नकोस."

मनात आणू नकोस म्हणे. त्यानंतर रोज पहाटे आमिषाचे शिंपले फोडून ती गिल्बर्टच्या दोराला गळामागून गळ लावत आली, आणि एक दिवस असा गेला नाही की ते मनात आलं नाही. बोट भरून आली की तिला वाटायचं, आजचं निभावलं. गिल्बर्ट म्हणायचा, तुझ्या हाताला यश आहे. साऱ्या बंदरात बोसींच्या दोराला जास्त मासा यायचा. मग मुलं बुडाली आणि तिचं ते सगळं यश एका सकाळी पुसलं गेलं.

आता ही तिसरी. समुद्र नेत नव्हता, एका नावापायी जात होती. एल्स्पेटनं पळी ठेवली आणि हात पुसले.

"कोणी कुठे जायचं नाही," ती म्हणाली.

"एल्स्पेट, तू यात पडू नकोस," गिल्बर्ट म्हणाला. "मी बोलतोय."

"तू बोललास. आता मला बोलू दे." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "या मुलाच्या हातानं गळ लावला तर शेवाळ येणार ना? त्याला बोटीत घेतलं तर बोट बुडणार? मग माझ्या हातांचं काय करायचं ते ठरवा. माझा बाप स्मिथ नव्हता. याच्याच नावाचा होता."

मार्जोरीनं "आई" म्हटलं.

"काहीतरी बोलू नकोस," कॉस्मो म्हणाला. "पाहुणा? पाहुणा स्मिथ?"

"पाहुणा व्हाइट," एल्स्पेट म्हणाली.

गिल्बर्ट जागचा हलला नाही. त्याचे डोळे तिच्यावर होते, पण त्यात राग आहे की काय आहे ते तिला कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याचा चेहरा वाचता आला नाही, आणि तिला भयंकर भीती वाटली.

बार्बरा मात्र उठून उभी राहिली. मोजा खाली पडला. "सगळी वर्षं," ती म्हणाली. "सगळी वर्षं तू त्या दोराला हात लावत होतीस. माझ्या समोर बसून. मी कारण शोधत गावभर फिरत होते आणि तू इथे बसून शिंपले फोडत होतीस."

"हो."

"मी पाद्र्याला नावं ठेवली. त्या बिचाऱ्या लाल केसांच्या पोरीशी मी अजून बोलत नाही. आणि ते तू होतीस. तुझ्याच पोरांच्या दोराला तुझ्याच हातांनी..."

"बार्बरा, बस कर," गिल्बर्ट म्हणाला.

"का बस करू? आर्ची गेला, विल गेला, हिनं लावलेला दोर घेऊन गेले ते. तू विचार ना तिला, त्या पहाटे कोणी लावला होता दोर."

"वहिनीनं नाही," कॉस्मो म्हणाला. तो मनाशी आठवत बोलत होता, नेहमीसारखा पुढचा विचार न करता. "त्या आठवड्यात वहिनी तापानं पडून होती. डॉक्टर आला होता. दोर तर ताई, तूच..."

आणि मग तो थांबला. पण आता थांबून काही उपयोग नव्हता.

एल्स्पेटला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मुलं गेल्याची बातमी आली तेव्हा ती याच खोलीत, त्या भिंतीतल्या कोनाड्यातल्या पलंगावर तापानं फणफणलेली होती, आणि रडण्याच्याही आधी तिच्या मनात आलं होतं, मी नव्हता लावला. तापानं मला वाचवलं. पोटची दोन मुलं गेली असताना आईच्या मनात पहिलं हे यावं, याची तिला आजवर लाज वाटत आली होती. त्या लाजेपायी ती बार्बराला कधी उलटून बोलली नाही. कितीदा तरी शब्द ओठापर्यंत आले होते. तो दोर तुझ्या हातचा होता, एवढं म्हटलं की बार्बराचं तोंड कायमचं बंद झालं असतं. बार्बराला ते स्वतःहून कधी सुचलं नव्हतं, कारण तिचे हात स्मिथांचे होते, आणि त्या हातांकडे बोट दाखवावं असं काही नव्हतं.

आता बार्बरा त्याच हातांकडे पाहत होती.

"मी चांगले शिंपले निवडले होते," ती म्हणाली. कुणाला सांगत होती ते कळत नव्हतं. "लहान लहान बाजूला काढले. विल म्हणाला, आत्या, इतकं काय निवडतेस, मासे काही जेवायला बसणार नाहीत. मी त्याला मारायला धावले. मी एकेक गळ नीट लावला होता, गिल्बर्ट. मी काहीच चुकले नव्हते."

"ठाऊक आहे मला," गिल्बर्ट म्हणाला.

"मग का?"

एल्स्पेट पुढे गेली. तिला वाटलं होतं, हा क्षण आला तर बरं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. समोर एक म्हातारी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती आणि तिला खुर्चीवर बसवायला हवं होतं, एवढंच दिसत होतं.

"बस," ती म्हणाली. तिनं बार्बराला खुर्चीत बसवलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. वयानं आणि शिंपल्यांच्या धारेनं दोघींचेही हात सारखेच चिरलेले होते. "तुझ्या हातांनी काही झालं नाही. माझ्याही नाही. वारा फिरला आणि ती गेली. त्या दिवशी मी लावला असता तरी गेली असती."

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत. तुलाही नाही. पण माझ्या हातांनी बुडाली असती असं तू आत्ता म्हणालीस, तेव्हा मला क्षणभर खरं वाटलं. मग तुझ्याबद्दल ऐकलं आणि अजिबात खरं वाटेना. तुझ्या हातांनी आमची पोरं बुडतील, हे मी कसं मानू? आणि ते मानत नाही तर माझ्या हातांचंही मानून चालणार नाही."

बार्बरानं हात काढून घेतले नाहीत. ती रडत होती, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखी. मार्जोरी येऊन तिच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिनं आत्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

ॲडमला आपण कुठे बसावं, कुठे पाहावं ते समजत नव्हतं. "मी बाहेर थांबतो," तो म्हणाला.

"बस तिथेच," गिल्बर्ट म्हणाला. मग तो स्वतः उठला आणि कोट चढवायला लागला. एका हाताला बाही सापडेना, तो बराच वेळ चाचपडत राहिला, कुणी मदतीला गेलं नाही. "चल. उशीर झाला. कारकून शनिवारी लवकर दार लावतो."

ॲडम उभा राहिला. "काय नाव सांगायचं?"

"तुझं आहे ते."

"दादा," कॉस्मो म्हणाला. "शेवीचे भाऊ येणार नाहीत."

"नाही आले तर नाही आले."

"मग तिघांत बोट न्यायची? या हवेत?"

"तू येणार असशील तर तिघांत. नसशील तर आम्ही दोघं खोल पाण्यात शिरणार नाही, धक्क्याजवळच टाकू दोर. सोमवारी भरतीला निघायचं. तुझं तू ठरव."

कॉस्मोनं टोपी गोल फिरवली. धुतलेल्या शर्टात तो बिचारा फार अवघडून गेला होता. "सोमवारचं मी आत्ता सांगत नाही," तो म्हणाला. "साक्षीला येतो. साक्षीला यायला बोट लागत नाही." आणि कुणी काही म्हणण्याआधी तो बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिला.

गिल्बर्ट दारापर्यंत गेला. एल्स्पेट बार्बराचे हात धरून बसली होती, तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. आत्ताच तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तीस वर्षं एका पलंगावर झोपून तू मला हे सांगितलं नाहीस, असं तो म्हणाला असता तर तिच्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्या बापानं आम्हाला फसवलं, असं म्हणाला असता तर त्यालाही नव्हतं. त्यानं कडीला हात घातला आणि तसाच उभा राहिला.

"कारकून नोंदीसाठी मुलीच्या आईचं माहेरचं नाव विचारतो," तो म्हणाला.

"हो," एल्स्पेट म्हणाली.

"आपल्या लग्नात विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं एक."

"हो."

"ते चुकीचं होतं."

"तुला माहीत नव्हतं, गिल्बर्ट."

"आता माहीत आहे." तो वळला. कारकुनाची बायको दाराआड उभी राहून ऐकते, आज सांगितलेलं उद्या चर्चची घंटा वाजायच्या आत गावभर झालेलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुन्हा झाकायला काही उरणार नव्हतं. "नीट सांग. पूर्ण सांग. तिथे जाऊन मला अडखळायचं नाही."

तिनं आजवर ते नाव स्वतःच्या नावाला जोडून कधी उच्चारलं नव्हतं, एकटी असतानाही नाही.

"एल्स्पेट व्हाइट," ती म्हणाली.

गिल्बर्टनं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, मग पुन्हा एकदा, विसरायला नको म्हणून, आणि दार ओढून घेतलं.